गैरहजर नवऱ्यांच्या मुलुखात

आमच्या पेठेतली माणसं अमेरिकेला जाऊन येतात, चारधाम करून येतात, पण हडपसर म्हटलं की "बापरे, एवढं लांब?" म्हणतात. मुलाकडे परदेशात सहा महिने राहून आलेल्या माझ्या शेजारणीने मला काळजीने विचारलं, "मुक्काम करणार तिथे? पाणी कसं असतं गं तिथलं?" तेव्हा ज्यांनी हा प्रवास केलेला नाही आणि यापुढेही करण्याची भीती नाही, अशा वाचकांसाठी हे लिहिते आहे. मी जाऊन आले. बसने गेले. पाणी बरं होतं.

निमित्त झालं आमच्या महिला मंडळातल्या व्याख्यानाचं. विषय होता स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा. वक्त्याबाईंनी विलायतेतल्या बायकांची उपोषणं, तुरुंगवास, खिडक्यांवरची दगडफेक असं सगळं तासभर रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, की आपल्याकडे घटनेनेच बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत देऊन टाकलं, त्यामुळे आपल्याला लढायला काही उरलंच नाही. टाळ्या झाल्या. लढावं न लागल्याच्या आनंदात बटाटेवडे आले. माझी भाची ऋतुजा मला न्यायला आली होती, ती मागे उभी राहून ऐकत होती. ऋतुजा आयटीत आहे, हडपसरला राहते, आणि तिच्या बोलण्यात मराठी अधूनमधून पाहुणी म्हणून येते. वडा खात खात ती म्हणाली, "मावशी, सीरियसली? आमच्या सोसायटीत लेडीजना व्होटच नाहीये. तुला माहितीये ना?"

मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत एका फ्लॅटला एक मत असतं, आणि ते मत कागदावर ज्याचं नाव पहिलं त्याचं. पहिलं नाव कुणाचं असतं हे सांगायला नकोच. दुसऱ्या नावाला 'सहयोगी सभासद' म्हणतात. सहयोग म्हणजे सभेला आलेल्यांना चहा देणं. सहयोगी सभासदाला मत द्यायचं असेल तर दोनच रस्ते आहेत. पहिल्या नावाने लेखी संमतीपत्र द्यायचं आणि स्वतः सभेला गैरहजर राहायचं, किंवा मग पहिल्या नावाने कायमचंच गैरहजर व्हायचं.

मला आमच्या इमारतीत मत आहे ते या दुसऱ्या रस्त्याने. आमचे हे गेले, आणि महिन्याभराने सेक्रेटरी कागद घेऊन आले, इथे सही करा म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते बोट ठेवून जागा दाखवत होते. त्या दिवशी मला मताधिकार मिळाला हे मला या प्रवासात कळलं.

ऋतुजाच्याच इमारतीत राहणाऱ्या शशीताई गायकवाड आणि ती, अशा दोघी सुट्टीच्या दिवशी सोसायट्या-सोसायट्यांतून हिंडतात आणि नवऱ्यांना सभेला येऊ नका म्हणून पटवतात. गणपती उठले की वार्षिक सभांचा हंगाम लागतो. या वर्षी रविवारी त्यांच्या स्वतःच्या सोसायटीची सभा होती. शशीताई तिथे सव्वीस वर्षं राहतात आणि त्यांनी तिथे एकदाही मत दिलेलं नाही. या रविवारी त्या पहिल्यांदा हात वर करणार होत्या. ऋतुजा म्हणाली, "मावशी, तू ये. इट्स हिस्टॉरिक." इतिहास मी तीस वर्षं शिकवला आहे, पण तो घडताना कुणी बोलावलं नव्हतं. मी बॅग भरली.

शुक्रवार, बिबवेवाडी

ऋतुजाने सुट्टी काढली होती. स्वारगेटला ती आणि शशीताई उभ्या होत्या. शशीताई बासष्ट वर्षांच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त, सुती साडी आणि पायात बूट. "जय भीम, बाई," म्हणाल्या. मीही जय भीम म्हटलं, जरा चाचरत, कारण आमच्या जिन्यात तसं म्हणायची वेळ येत नाही. त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्या हसल्या.

बसमध्ये मी विचारलं, हे खूळ कुठून आलं. त्या म्हणाल्या, "आमच्या आईला सही येत नव्हती. अंगठा उठवायची. पण मतदानाच्या दिवशी पांढरी साडी इस्त्री करून नेसायची आणि केंद्र उघडायच्या आत रांगेत. आम्हाला सांगायची, लग्नाला उशिरा गेलात तरी चालेल, इथे नाही. आणि मी बाई, पदवीधर, पेन्शनर, मला माझ्या घराच्या खालच्या पार्किंगमध्ये मत नाही."

आमच्याकडे मतदानाला माणसं कशी जातात ते मला आठवलं. दुपारची झोप झाल्यावर, ऊन उतरलं की, आणि रांग असेल तर परत.

बिबवेवाडीत चढावरच्या एका जुन्या सोसायटीत सुनंदाकडे गेलो. इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्स, पिको-फॉल, मोबाइल दुरुस्ती आणि दाताचा दवाखाना, सगळे एकमेकांच्या पाट्या झाकून बसलेले. सुनंदा घरी भाजणी, चिवडा, चकल्या करून विकते. फ्लॅट तिच्याच चकल्यांवर झाला आहे. पण नोंदणीच्या दिवशी बिल्डरच्या कारकुनाने "पुरुषाचं नाव आधी घालतात, पद्धत असते" म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव आधी घातलं. नवरा बिचारा तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर लावत होता.

"मग आता नावं बदलून का घेत नाही?" मी विचारलं.

शशीताईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाई, बायकोला किडनी देणारे नवरे मी पाहिले आहेत. पहिलं नाव देणारा एक दाखवा."

सुनंदाचा नवरा गरीब होता. संमतीपत्रावर सही करायला तो एका पायावर तयार होता, पण त्याच्या शंका संपेनात. गैरहजर म्हणजे घरात बसलेलं चालेल का? गॅलरीतून बघितलेलं? आणि सभेनंतर चहाला खाली आलं तर? शशीताईंनी शांतपणे फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे त्यांचे यजमान गायकवाडसाहेब होते. पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. या चळवळीत नवऱ्यांचा विभाग त्यांच्याकडे आहे.

"नमस्कार," गायकवाडसाहेबांचा खणखणीत आवाज आला. "हे बघा, गैरहजेरी ही मनाची तयारी आहे. सुरुवातीला जड जातं. तुम्हाला वाटेल, माझ्यावाचून सभा कशी होईल? होते. तुम्हाला वाटेल, जरा डोकावून येऊ. डोकावायचं नाही. तुम्ही दिसलात की बायकोचं मत गेलं. मिसळ खायला जा, केस कापायला जा, पण सोसायटीत दिसू नका."

सुनंदाच्या नवऱ्याने हे एका कागदावर उतरवून घेतलं. एवढ्या मन लावून कुणी माझ्या वर्गात कधी काही उतरवून घेतलं नव्हतं. सुनंदाने आम्हाला गरम चकल्या दिल्या आणि वर पिशवीतही घातल्या. आमच्याकडे निरोप दारात उभं राहून देतात, सेफ्टी डोअरची साखळी न काढता. इथे पिशवीशिवाय सुटका नाही.

शनिवार, धायरी

धायरीला जाताना आम्ही चुकलो. म्हणजे मी चुकवलं. पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला पुण्यात रस्ता विचारणं जमत नाही, म्हणून मी आत्मविश्वासाने एक बस दाखवली आणि आम्ही सिंहगड रस्ता सोडून भलतीकडे निघालो. कंडक्टरने आम्हाला उतरवताना विचारलं, "नवीन आलात का पुण्यात?" मी हो म्हटलं. अब्रूचा प्रश्न होता.

धायरीत शेतं होती तिथे आता इमारती आहेत आणि इमारतींना शेतांची नावं आहेत. अशाच एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आक्का राहतात. वय त्यांना ठाऊक नाही, आम्ही ऐंशी धरलं. त्यांचीच जमीन गेली, बदल्यात चार फ्लॅट आले, चारही मुलांच्या नावावर. लिफ्ट बंद होती. देखभालीचा खर्च वाचवायला ती ऑफिसला जाणाऱ्यांपुरती सकाळी तासभरच चालवायची, एरवी बंद, असा सभेत ठराव झाला होता. आम्ही नऊ जिने चढून गेलो. माझ्या गुडघ्यांनी वाटेत काय काय म्हटलं ते प्रवासवर्णनात बसणार नाही.

दार सताड उघडं होतं. आक्का जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. आम्ही कोण ते न विचारताच "बसा" म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून भाकऱ्या टाकायला सांगितल्या. मग विषय ऐकला.

"आमदाराला मत हाय मला," आक्का म्हणाल्या. "खासदाराला हाय. आदी गरामपंचायत हुती तवा सरपंचाला पन दिलंय. दिल्लीचं सरकार म्या निवडती. पर ही लिफ्ट कवा चालू ठिवायची ते मला इचारायचं न्हाई म्हनत्यात. जिमीन कुनाची हुती रं बाबानू?"

"मग तुम्ही खाली कधी जाता?" मी विचारलं.

"जात न्हाई. गेली तर येनार कशी? चार म्हयनं झालं, खालचं देऊळ बघितलं न्हाई."

ऋतुजाचा चेहरा पडला. ती म्हणाली, "आक्का, धिस इज सो अनफेअर." आक्कांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात पिठलं, भाकरी आणि ठेचा आला. मी भाजीसारखा घास भरून ठेचा घेतला आणि मग बराच वेळ चळवळीत भाग घेऊ शकले नाही.

थोरला मुलगा जेवायला आला. शशीताईंनी त्याच्यापुढे संमतीपत्र ठेवलं. तो म्हणाला, "आईला कशाला तरास? मी हाय की. आईच्या मनातलंच करतो मी."

"मग लिफ्ट बंद ठेवायला हात कुणी वर केला होता?" शशीताईंनी विचारलं.

त्याने कागद बाजूला सारला आणि भाकरी मोडली. सही त्याने केली नाही. आईचं नाव कागदावर दुसरंही नव्हतं, त्यामुळे सही करून उपयोगही नव्हता, हे नंतर कागद बघताना शशीताईंच्या ध्यानात आलं. पण त्या दिवशी संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली ती तो स्वतः खाली जाऊन भांडल्यावर, आणि आक्का आमच्याबरोबर खाली देवळापर्यंत आल्या. लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला त्यांचा मुलगा आवडला नाही आणि पुरता नावडलाही नाही.

रविवार, हडपसर

शनिवारी रात्री ऋतुजाकडे मुक्काम केला. हडपसरला सकाळी भाजीबाजाराचा गलका आणि आयटीवाल्यांच्या बसगाड्या एकाच रस्त्यावरून जातात, आणि कुणी कुणाला जागा देत नाही, इतकी समता मी पेठेत पाहिलेली नाही.

नाश्त्याला शशीताईंकडे गेलो. त्यांनी पांढरी साडी नेसली होती, कडक इस्त्रीची. गायकवाडसाहेबांनी सोसायटीतल्या अकरा नवऱ्यांची संमतीपत्रं एका फाइलीत लावून ठेवली होती, स्वतःचं सगळ्यात वर. मग ते बाकीच्या दहा नवऱ्यांची फलटण घेऊन मिसळ खायला बाहेर पडले. गेटमधून जाताना त्यांनी सगळ्यांना मागे वळून बघायचं नाही असं बजावल्याचं आम्ही गॅलरीतून ऐकलं.

सभेत मुख्य विषय होता सोसायटीच्या हॉलमधल्या पाळणाघराचा. सात-आठ नोकरदार बायकांची मुलं तिथे दिवसभर असतात. तो हॉल रिकामा करून जिमला भाड्याने द्यावा असा काही पुरुषांचा आग्रह होता. त्यांच्यापैकी व्यायामाची खूण कुणाच्याच अंगावर नव्हती. सभा पार्किंगमध्ये होती. ठरल्या वेळी पुरेशी माणसं नव्हती, म्हणून सेक्रेटरींनी सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब केली. सगळे तिथेच, त्याच खुर्च्यांवर, अर्धा तास बसून राहिले, आणि मग तीच माणसं पुरेशी आहेत असं ठरून सभा सुरू झाली. हा विधी महाराष्ट्रभर असाच होतो म्हणे.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, नियमांचं पुस्तक मांडीवर. त्यांनी संमतीपत्रं उलटीसुलटी करून, उजेडात धरून बघितली आणि नाइलाजाने मान्य केली. अकरा बायका पहिल्या रांगेत बसल्या. मी पाहुणी म्हणून खांबाशी. पाळणाघर ठेवावं या बाजूने हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. शशीताईंनी पदर सारखा केला आणि हात वर केला.

"एक मिनिट," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचं लक्ष शशीताईंकडे नव्हतं, मागे होतं. "गायकवाडसाहेब, आपण इथे?"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. पांढऱ्या मोटारीमागे गायकवाडसाहेब मोबाइल धरून उभे होते, व्हिडिओ काढत. मिसळीवर दहा नवऱ्यांना सोडून ते एकटे परत आले होते.

"मी नाहीये," गायकवाडसाहेब म्हणाले. "म्हणजे, मी सभेत नाहीये. मी मोटारीमागे आहे."

"पार्किंग हीच सभेची जागा आहे. मूळ सभासद हजर असताना सहयोगी सभासदाचं मत धरता येत नाही. वहिनी, आपण हात खाली घ्यावा."

"अहो, मला फक्त तिचा हात वर गेलेला बघायचा होता हो," गायकवाडसाहेब म्हणाले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. त्यांच्याकडे बघून मला राग आला आणि गलबलूनही आलं.

शशीताईंनी हात खाली घेतला. अध्यक्षांनी गायकवाडसाहेबांना विचारलं, त्यांनी बायकोच्याच बाजूने आपला हात वर केला. पाळणाघर दोन मतांनी वाचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, ऋतुजा उड्या मारायला लागली. जो तो शशीताईंना सांगायला लागला, की अहो, बिघडलं काय, मत तर तुमच्याच बाजूला पडलं ना? हात कुणाचा याने काय फरक पडतो? निकाल तोच लागला. शशीताई हो हो म्हणत होत्या. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या, आणि ती नाडी काही बांधून होत नव्हती. सव्वीस वर्षं हेच तर ऐकत आल्या होत्या त्या, आता अभिनंदनाच्या सुरात.

शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय आले. एकच होता, आणि तो नेमका गायकवाडसाहेबांचाच होता. प्रवेशद्वारात कारंजं बसवावं, नकाशा सोबत जोडला आहे. साहेब उठले आणि म्हणाले, "या विषयाला मी गैरहजर राहतो. शशी मत देईल." सेक्रेटरींनी पुस्तक उघडलं. गैरहजेरी कुठून सुरू होते यावर बराच खल झाला. पार्किंग नको, गेट नको, वॉचमनची केबिन सोसायटीच्या हद्दीत. अखेर गायकवाडसाहेब गेटाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, नारळपाणीवाल्याच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी मोबाइल वर धरला. सेक्रेटरींनी जाऊन खात्री केली. मिसळीवरून परतलेले बाकीचे नवरेही त्यांच्याशेजारी ओळीने उभे राहिले.

"कारंज्याच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं. बरेच हात वर झाले. पलीकडून साहेबांनी अंगठा दाखवला. शशीताईंचे हात मांडीवर होते.

"विरोधात?"

शशीताईंचा हात वर गेला. सरळ, कानाला चिकटून, शाळेत पहिल्या बाकावरची मुलगी करते तसा. अध्यक्षांनी मोजलं, सेक्रेटरींनी पुन्हा मोजलं. कारंजं एका मताने पडलं. मी पाहुणी होते, मला तिथे आवाज करायचा हक्क नव्हता, तरी मी टाळ्या वाजवल्या.

दुपारी शशीताईंकडे जेवलो. रविवारचं मटण होतं, माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी. गायकवाडसाहेबांनी मला व्हिडिओ तीनदा दाखवला. "बघा बाई, हात कसा झक्क वर गेलाय. थरथर नाही, काही नाही." चौथ्यांदा बघताना मात्र ते जरा थांबले.

"शशी," ते म्हणाले, "पण उन्हाळ्यात टँकर मागवतो आपण, तेव्हा पाणी वाया जाऊ नये म्हणून फिरवून तेच वापरायचं, असं मी नकाशात दाखवलं होतं गं. कारंज्याचं आपलं दोघांचं ठरलं होतं ना?"

"दोघांचं कुठलं?" शशीताई भात वाढत म्हणाल्या. "मला आज पहिल्यांदा विचारलं कुणीतरी."